बोर चालू हाय का ओ ताई?

मागच्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. औसा तालुक्यातली. आमच्याच कॉलेजातून बी.ए. झाली, पुढं एम.ए. केलं आणि आता पुण्यात एका संस्थेत संशोधनाच्या प्रकल्पावर सहायक म्हणून काम करते. चहा झाला, तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, सोयाबीन कसं आहे ते झालं. मग तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. प्रकल्पाच्या प्रमुखांना तिनं दोन वाक्यांचा ईमेल लिहिला होता: 'रिस्पेक्टेड सर, यू आर रिक्वेस्टेड टू एक्स्टेंड द डेट ऑफ माय रिपोर्ट बाय टू डेज. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट.' खाली साहेबांचं उत्तर, एका ओळीत: 'आय डू नॉट टेक इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम माय असिस्टंट्स.' मुदत अर्थातच मिळाली नव्हती. पण तिला त्याचं एवढं नव्हतं. ती विचारत होती, "मॅडम, यात व्याकरण कुठं चुकलं?"

व्याकरण कुठंच चुकलं नव्हतं.

तो ईमेल तिनं पाठवण्याआधीही आणि नंतरही खूपदा वाचला असणार. 'बाय टू डेज' हवं की 'फॉर टू डेज', 'डेट'च्या आधी 'लास्ट' घालायला हवं होतं का, 'रिस्पेक्टेड' जुनं झालंय का, असं एकेक ती विचारत राहिली. आणि मी तिच्याकडं बघत होते. ही मुलगी आली तेव्हा दार उघडंच होतं, मी समोरच बसले होते, तरी उंबऱ्याबाहेर थांबून "येऊ का मॅडम?" म्हणाली होती. चपला भिंतीकडेला जोडीनं ठेवल्या. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर उठून दोन्ही हातांनी घेतला. सोफ्यावर बसली तीही अगदी काठाला. हिला उद्धट म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पण पुण्याच्या त्या गृहस्थांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्यांच्यापुढं दोन वाक्यं होती, आणि त्या दोन वाक्यांत ही मुलगी कुठंच नव्हती. ती गेल्यावर मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

'यू आर रिक्वेस्टेड टू' तिला कुठं भेटलं ते मला पक्कं ठाऊक आहे. इथं शिकलेल्या कुणालाही ठाऊक असेल. 'चेंज द व्हॉइस'मध्ये. प्रश्नात 'प्लीज गिव्ह मी अ ग्लास ऑफ वॉटर' असं वाक्य येतं. नियम असा पाठ असतो की 'प्लीज' किंवा 'काइंडली' दिसलं की ते काढायचं आणि 'यू आर रिक्वेस्टेड टू' लिहायचं, हुकूम असेल तर 'यू आर ऑर्डर्ड टू', सल्ला असेल तर 'यू आर ॲडव्हाइज्ड टू'. उत्तर होतं 'यू आर रिक्वेस्टेड टू गिव्ह मी अ ग्लास ऑफ वॉटर', आणि त्याला पूर्ण गुण. तहान लागल्यावर जगात कुठलाही माणूस असं पाणी मागत नाही, हे सांगायची वेळच येत नाही, कारण पुढचा प्रश्न 'इनडायरेक्ट स्पीच'चा असतो आणि तिथं 'ही रिक्वेस्टेड मी टू' असं लिहायचं असतं. ट्यूशनच्या गल्ल्यांतून संध्याकाळी जा, खिडक्यांमधून हे नियम एका सुरात ऐकू येतात. लातूर पॅटर्ननं या भागाला डॉक्टर-इंजिनिअर दिले, त्याचा मला अभिमान आहे. पण इंग्रजीच्या तासाला आमची मुलं कुणीतरी कुणालातरी विनंती केली हे कळवायला शिकतात. स्वतः विनंती करायची वेळ परीक्षेत येत नाही. मग खरी वेळ आली की हाताशी असतं ते वाक्य बाहेर पडतं, आणि ते नेमकं नोटीस बोर्डावरचं निघतं. 'पॅसेंजर्स आर रिक्वेस्टेड', 'कन्झ्युमर्स आर रिक्वेस्टेड'. ज्याच्या हातात अधिकार आहे तो असं बोलतो. दोन दिवसांची मुदत मागणारी सहायक साहेबाशी असं बोलली, म्हणून साहेब चिडले. 'डू द नीडफुल' तर इंग्रजांच्याच जुन्या पत्रव्यवहारातलं, तिकडून केव्हाच उठून गेलं आणि आपल्याकडं राहिलं, कारण आपल्या अर्जांतल्या 'योग्य ती कार्यवाही व्हावी'शी त्याचं चांगलं जुळतं. आपला अर्ज तरी कुठं आपल्या तोंडच्या भाषेत असतो? 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' इथून तो सुरू होतो, त्यातला 'मे.' म्हणजे मेहेरबान आहे हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही नसतं, आणि 'ही नम्र विनंती' इथं तो संपतो. ज्या मुलीनं आयुष्यभर असे अर्ज पाहिले, तिला लेखी मागणं म्हणजे हेच वाटणार.

तोंडी इंग्रजीतली मात्र एक विनंती आमच्या प्रत्येक मुलाला येते. मे आय कम इन, सर? पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं, पण हे वाक्य इंग्रजी विषयाच्या आधीच शाळेत यायचं. झेडपीच्या शाळेत वर्गाच्या दारात, एक पाय उंबऱ्याला टेकवून, हात पुढं करून, एका दमात: मेआयकमिन्सर. अकरावीच्या वर्गात मी एकदा मुलांना म्हटलं, समोरच्याच्या पेनाला हात लावायच्या आधी इंग्रजीत परवानगी मागा. वर्ग गप्प. 'मे आय' आणि पुढं 'यूज' असं कुणालाच जुळवता येईना. त्यांच्या लेखी ते पाच शब्दांचं वाक्यच नव्हतं. दाराशी उभं राहून करायचा तो एक आवाज होता, आणि त्यातलं 'मे आय' सुटं करून दुसरीकडं वापरता येतं हे कुणी त्यांना दाखवलेलं नव्हतं. परकी भाषा शिकणारा विनंती कशी शिकतो यावर ज्यांनी काम केलंय त्यांना ही वाट ओळखीची आहे. गॅब्रिएल कॅस्पर आणि केनेथ रोझ यांनी २००२ मध्ये तिच्या पाच पायऱ्या सांगितल्या. आधी मोडकेतोडके शब्द, मग पाठ झालेली अख्खी वाक्यं, मग ती वाक्यं आतून सुटी होतात, मग त्यांत भर पडत जाते, आणि अगदी शेवटी समोरचा माणूस पाहून बारीक फेरफार जमू लागतात. आमची बहुतेक मुलं दुसऱ्या पायरीवर बसवून ठेवलेली आहेत.

यात मुलांचा दोष नाही, हे मला रॉड एलिस यांच्या १९९२च्या एका अभ्यासातून अगदी स्पष्ट झालं. लंडनच्या एका वर्गातली दोन मुलं, दहा-अकरा वर्षांची, एक पोर्तुगालचा आणि दुसरा पाकिस्तानातून आलेला पंजाबी बोलणारा. वर्गात ती काय-काय आणि कसं मागतात ते एलिस टिपत राहिले. मुलं पुढं गेली, नुसत्या शब्दांवरून 'कॅन आय हॅव' पर्यंत आली, आणि बरीचशी तिथंच राहिली. पेन्सिल, रबर, शिक्षकाचं लक्ष एवढंच मागायचं होतं, आणि त्याला एवढं पुरत होतं. जे मागायची वेळच येत नाही त्याची रीत कशी येणार? आणि ती मुलं लंडनमध्ये होती. दाराबाहेर पाऊल टाकलं की इंग्रजी होतं. आमची मुलं निलंगा, उदगीर, अहमदपूरची. त्यांना इंग्रजीत काही मागायची पहिली वेळ येते तीच नोकरीच्या मुलाखतीची, नाहीतर असल्या ईमेलची, जिथं पोटापाण्याचा प्रश्न असतो.

आणि तिथं चुकलं की शिक्षा वेगळीच मिळते. भाषेच्या अभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये जे लिहून ठेवलं ते मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटायचं राहून गेलं होतं. व्याकरण चुकलं तर ऐकणारा समजतो की याला भाषा कमी येते. मागायची रीत चुकली तर तो समजतो की माणूसच असा आहे. आणि बोलणाऱ्याचं व्याकरण जितकं सफाईदार, तितका हा धोका मोठा, कारण ऐकणाऱ्याला भाषेची शंकाच येत नाही. आमच्या मुलीचं हेच झालं. तिचं इंग्रजी मोडकं असतं तर त्या साहेबांनी कदाचित सांभाळून घेतलं असतं. तिनं मेहनतीनं ते निर्दोष केलं, आणि म्हणून ती उर्मट ठरली. पुढं १९९८ मध्ये कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग आणि झोल्टान डॉर्नेई यांना असं दिसलं की हंगेरीत राहून इंग्रजी शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटतात, तर अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना रीतीच्या. ज्याला जे तपासून गुण दिले जातात, त्याला तेच दिसायला लागतं. "व्याकरण कुठं चुकलं?" हा प्रश्न माझ्या बैठकीत आला होता तो तसाच.

मग आमच्याकडं मागायची रीत नाही का?

वडील मृगाच्या तोंडाला शेजारच्या पाटलांकडं पेरणीची तिफण मागायला जायचे. मी लहान, बोट धरून बरोबर. वडील ओट्यावर टेकायचे. पाटील आतल्या अंगाला आवाज द्यायचे, पाणी यायचं. मग पाऊस. औंदा वारं फिरलंय, रोहिण्या बरसल्या, कुठल्या शिवारात किती ओल गेली, खताचं पोतं कितीला झालं, कुणाच्या पोरीचं जमलं. पानपुडा इकडून तिकडं जायचा, चुन्याची डबी उघडल्याचा बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. मला कंटाळा यायचा, कारण आम्ही कशाला आलोय ते मला माहीत होतं, आणि ते कुणी बोलतच नव्हतं. शेवटी वडील उठायचे, पायात वहाण सरकवायचे, चार पावलं जायचे आणि मान वळवून म्हणायचे, "बरं, उद्या सकाळच्याला तिफण रिकामीच आहे नं?" पाटील तिकडून, "न्या की! त्यात काय इचारायलाव?" संपलं. अर्ध्या तासाच्या बैठकीत मागणं एका वाक्याचं, तेही जाता जाता, तेही प्रश्नाच्या रूपात, आणि पाटलांना नाही म्हणायचं असतं तर "गड्यानं सांगितलंय वाटतं कुणाला" म्हणून कुणाचाच मान न जाता सुटका करून घेता आली असती. या अर्ध्या तासात जेवढं सौजन्य होतं तेवढं कुठल्या 'वूड यू माइंड'मध्ये मावेल? फक्त ते वाक्यात नव्हतं. ते बसण्यात होतं, पावसाच्या गप्पांत होतं, उठायच्या वेळेत होतं.

शोशाना ब्लुम-कुल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बऱ्याच भाषांमधल्या विनंत्या गोळा केल्या होत्या. त्यांनी ढोबळमानानं तीन थर केले. एक सरळ सांगणं: खिडकी लावा. दुसरा, ठरलेल्या वळणानं विचारणं: खिडकी लावू शकाल का? आणि तिसरा नुसतं सुचवणं: इथं गार वारं येतंय. इंग्रजीचा सगळा कारभार मधल्या थरावर चालतो, 'कुड यू', 'वूड यू', 'डू यू माइंड'. मी बरीच वर्षं आमच्या भागातलं बोलणं कान देऊन ऐकत आले आहे, आणि मला वाटतं आमच्याकडं पहिला आणि तिसरा थर भक्कम आहे, मधला विरळ आहे. जवळच्याला, किंवा मामा-मावशी म्हणून जवळचा करून घेतलेल्याला, आम्ही सरळ सांगतो. "मामा, सरका की जरासं." "मास्तर, फाट्यावर थांबवा बरं का." या सांगण्यातला 'मामा', 'की', 'जरासं' आणि 'सरका'तलं शेवटचं 'आ' एवढ्यांनी मिळून मान राखलेला असतो. इंग्रजीत जाताना 'मामा' गळतो, 'की' गळतो, 'आ' तर तिथं नसतोच, आणि उरतं 'मूव्ह'. मुलांना हे आतून जाणवतं, म्हणूनच ती वाक्यागणिक 'सर' पेरतात, 'सर, गिव्ह मी लीव्ह सर, प्लीज सर'. ऐकणाऱ्याला ते लाचारीचं वाटतं. मला त्यात गळून पडलेली सगळी माया एकट्या 'सर'वर लादलेली दिसते.

आणि मागणं जड असेल तर आम्ही सुचवतो. याचा सगळ्यात मोठा धडा लातूरनं २०१६ साली घेतला. मांजरा धरण कोरडं, पाणी भरण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागलेली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एरवी आमच्याकडं पाणी मागायला रीत लागत नाही. अनोळखी दारात उभं राहून "पाणी द्या ओ मावशी" म्हटलं तरी तांब्या येतो, आणि कुणी 'कृपया' म्हणाला तर मावशीच बिचकतील. त्या उन्हाळ्यात तेच पाणी मागणं जगातलं सगळ्यात जड मागणं झालं. आमच्या गल्लीत एकाच घराच्या बोरला थोडं पाणी राहिलं होतं, तेही तास-अर्धा तास. त्या घराच्या फाटकाशी बायका यायच्या, हातातली घागर पदराआड नाहीतर मागं धरलेली, आणि विचारायच्या, "बोर चालू हाय का ओ ताई?" कुणी "पाणी द्या" म्हणत नव्हतं. नित्याच्या शेजारणी, वीस-वीस वर्षांची ओळख, तरी नाही. ताई कधी "आहे, या" म्हणायच्या, कधी "आत्ताच आटलं हो" म्हणायच्या, आणि दोघींनाही ठाऊक असायचं की मोटार अजून चालू आहे, तिचा आवाज भिंतीपलीकडून येतोय. तरी बाई "बरं बरं, बघू मग" म्हणून वळायची. दुसऱ्या दिवशी दोघी बोलायला मोकळ्या. मागणाराही तुटला नाही, नाही म्हणणाराही. मागण्याचं वजन वाढलं की शब्द कसे मागं सरकतात, हे पुस्तकांत सूत्र मांडून सांगितलेलं आहे. मी ते फाटकाशी उभं राहून पाहिलं.

आता अशा गल्लीत वाढलेल्या मुलाला मधला थर परका वाटतो, यात नवल काय? उलटही घडतं. आमच्या नात्यातला एक मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. दिवाळीला आला आणि चुलत्याला म्हणाला, "काका, मला स्टँडवर सोडू शकाल का?" काका उठले, गाडी काढली, सोडून आले. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "सोडू शकाल का म्हणजे? मला गाडी येत नाही का? सोडा म्हणला असता तर काय झालं असतं!" त्यांना ते लागलं होतं. पोरगं शिकून सभ्य झालं आणि त्याच सभ्यतेनं एक हात लांब उभं राहिलं. म्हणून मला ही रीत शिकवताना आनंदाबरोबर थोडी भीतीही वाटते.

आवाजाचं तर आणखी वेगळं. भाषेचे अभ्यासक जॉन गम्पर्झ यांनी सांगितलेली ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या कॅन्टीनची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. वाढायला भारत-पाकिस्तानातून आलेल्या बायका होत्या आणि त्या तुसड्या आहेत अशी तक्रार होती. शोध घेतल्यावर निघालं काय, तर ताटात मांस वाढताना 'ग्रेव्ही' हवी का हे विचारताना इंग्रज बायका शेवटी आवाज चढवायच्या आणि या बायका उतरवायच्या. यांच्या कानाला उतरता आवाज विचारण्याचाच होता. तिकडच्या कानाला तो 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असा लागायचा. शब्द एकच, व्याकरण शून्य, आणि तेवढ्यावर माणसं तुसडी ठरली. हे दोन्ही बाजूंना उलगडून दाखवल्यावर तिथलं वातावरण निवळलं, एवढं मात्र मी मुलांना आवर्जून सांगते. आमच्या मराठवाडी बोलण्यात शेवटचं अक्षर ठोकून खाली आणायची सवय आहे. "द्या की." "येता का." फोनवर इंग्रजी बोलताना तीच चाल येते, आणि पलीकडचा समजतो की हा धमकावतोय.

जी मुलं थोडी पुढं सरकतात ती दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचे ईमेल लांबच लांब असतात. आधी वडिलांचा अपघात, मग बहिणीचं लग्न, मग कांद्याचा भाव, मग हॉस्टेलची फी, आणि तळाशी एका ओळीत: म्हणून सर्टिफिकेट हवंय. हेही आमच्या एकट्याचं दुखणं नाही. ब्लुम-कुल्का आणि एलिट ओल्श्टाइन यांनी १९८६ मध्ये हिब्रू शिकणाऱ्यांच्या विनंत्या तपासल्या तेव्हा त्या मूळ हिब्रू भाषकांच्या विनंत्यांपेक्षा लांब निघाल्या. ज्याला आपल्या शब्दांच्या वजनाचा भरवसा नसतो तो आणखी शब्द टाकत जातो. पण आमच्या मुलांच्या लांब ईमेलमध्ये मला आणखी एक दिसतं. ती पाटलांच्या ओट्यावर बसलेली असतात. मुद्द्यावर थेट येणं त्यांना असभ्य वाटतं, म्हणून ती आधी पाऊसपाण्याचं बोलतात. पलीकडचा माणूस मात्र पहिल्या ओळीत काम शोधत असतो, तिसऱ्या ओळीला कंटाळतो, आणि पाचव्या ओळीला त्याला वाटतं की हा रडगाणं गाऊन आपल्यावर दबाव टाकतोय. दोघंही आपापल्या घरच्या रीतीनं नीटच वागत असतात, आणि नुकसान दर वेळी एकाच बाजूचं होतं. इंग्रजी घरात, डायनिंग टेबलावर, 'कुड यू पास द सॉल्ट' ऐकत वाढलेल्या मुलाला ही रीत कुणी शिकवत नाही, ती त्याला अंगच्या कपड्यांसारखी मिळते. मग मुलाखतीला तो 'पोलाइट' ठरतो आणि आमची मुलगी 'रफ'. या गोष्टीचा मला राग येतो, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही. ज्यांच्या हातात निवड आहे, मुदत आहे, सही आहे, त्यांनी उत्तर देण्याआधी एक क्षण थांबून बघावं की हा उर्मटपणा आहे की दुसऱ्या घरची रीत आहे. तेवढी तसदी ते घेत नाहीत तोवर मुलांना तयार करणं भाग आहे.

तयार करताना मला आमच्याच बोलीचा आधार सापडला. 'आय वॉज वंडरिंग इफ' हे मुलांना फार कृत्रिम वाटतं. आत्ता मागायचं आहे आणि क्रियापद भूतकाळात कशाला? मग मी त्यांना विचारते, तुमचे आबा एखाद्याकडं कामाला गेले तर काय म्हणतात? थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं, "आलो होतो जरा कामानं. म्हटलं, बघावं तुम्ही हाव का घरी." एवढं म्हणून झालं की वर्गात हालचाल होते. आलोय म्हणत नाहीत, आलो होतो म्हणतात, आणि समोरच उभे असतात. म्हणतो नव्हे, म्हटलं. मागणं एक पाऊल मागं नेऊन ठेवायचं, म्हणजे समोरच्याला हलायला जागा राहते. ही हुशारी आबांना येत होती, इंग्रजांनाही येत होती. हे कळल्यावर 'आय वॉज वंडरिंग' मुलांच्या तोंडी निम्म्या वेळात बसतं, कारण आता ते साहेबी उरत नाही.

हल्ली मी शेवटच्या तासाला पुस्तक बाजूला ठेवते आणि मुलांना म्हणते, या आठवड्यात तुम्हाला खरोखर कुणाकडं काय मागायचंय ते आणा. स्कॉलरशिपचा अडकलेला हप्ता, हॉस्टेलचं पाणी, दुसऱ्या कॉलेजातली नोट्सची झेरॉक्स, बोनाफाइड. परवा अहमदपूरकडच्या एका मुलानं शैक्षणिक कर्जाचं पत्र आणलं. मंजुरी झालेली, पैसे सुटलेले नाहीत, कॉलेजची तारीख जवळ आलेली, आणि बँकेची मुख्य शाखा इंग्रजीतच उत्तर देते. वर्गानं ते फळ्यावर घेतलं. मागणं वर की कारण वर, यावर दोन तट पडले. मुलींचा तट म्हणाला, काम आधी लिहू, साहेब पहिलीच ओळ वाचतो. मुलगा म्हणाला, तोंड उघडताच पैसे मागायचे, बरं दिसतं का? बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी पहिली ओळ ठरली: 'आय वॉज वंडरिंग इफ द फर्स्ट इन्स्टॉलमेंट कुड बी रिलीज्ड बिफोर द ट्वेंटिएथ.' 'यू आर रिक्वेस्टेड' पुसलं गेलं, 'नीडफुल' पुसलं गेलं, दोन 'सर' गेले, एक राहिला. बहिणीचं लग्न आणि तुरीचा भाव मुलानं स्वतःच काढला. मग खडू तळाच्या वाक्यावर आला. तिथं लिहिलं होतं की माझ्या वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि त्यांनी सोसायटीच्या कर्जाचा एकही हप्ता आजवर थकवलेला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, याचा विनंतीशी संबंध नाही, काढा. मुलगा काही बोलला नाही, पण खडूही खाली ठेवला नाही. मग मघाचा मुलींचा तटच त्याच्या बाजूनं उठला. काम वरच आलंय, आता खाली एवढी ओळ राहू द्या, ज्याच्याकडं मागायचं त्याला कळू दे की कुणाचा पोरगा मागतोय. मी त्या ओळीतलं एक स्पेलिंग नीट केलं, आणि पत्र तसंच गेलं.